पेवातलं मांजर

पांजरपोळातलं ते मांजर पळून गेलं नव्हतं. मी ते पोत्यात घालून दिलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या दुखण्यातही नाही. एका मांजराचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच म्हणत आलो. पण आबांविषयी लिहायचं मनात घेतलं की लेखणी इथंच येऊन अडते. तेव्हा हे आधी, बाकीचं मागून.

आबा सांगलीच्या पांजरपोळाचे व्यवस्थापक होते आणि मी तिथला हंगामी कारकून. थकलेले बैल, आटलेल्या गाई, टांग्यातून काढलेली घोडी, पंख मोडलेली कबुतरं, असा तो प्रपंच. पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या धर्मादायावर चाले. आबा मूळचे मेढ्याकडचे. पहिल्या लढाईत खेचरांच्या पलटणीत होते, पार इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. मी त्यांना पाहिलं तेव्हा दुसरी लढाई चालू होती, रॉकेल मिळेनासं झालं होतं, पण आबांच्या अंगात अजून पहिल्या लढाईचाच खाकी कोट होता. उजव्या हाताचं एक बोट अर्धं. ते एका खेचरानं तोडलेलं. कुणी हळहळलं की आबा म्हणत, "खेचराचं काय चुकलं न्हाई. मी घाईत हुतो."

घाई हा त्यांच्या लेखी एकच काय तो गुन्हा. चोरी ते समजून घेत. आमच्याकडचा एक गडी सरकीची पेंड घरच्या म्हशीला न्यायचा, हे त्यांना ठाऊक होतं. त्याला ते काही बोलले नाहीत. पण त्याच गड्यानं एकदा आंधळ्या बैलाला वळवताना कासरा हिसडला, तेव्हा त्याला उन्हात उभं करून आबांनी अर्धा तास ऐकवलं.

माणसांशी ते त्यांच्या जावळीच्या मराठीत बोलत आणि जनावरांशी पलटणीच्या हिंदीत. "धीरे चलो. आराम से. कोई जल्दी नहीं." म्हशीलासुद्धा. मी एकदा म्हटलं, "आबा, ही कृष्णाकाठची म्हैस. हिला हिंदी कुठून कळणार?"

"मराठीत तिनं आजवर निस्त्या शिव्या आयकल्यात," ते म्हणाले. "म्हनून भाषा बदलायची."

गोठ्यातल्या सगळ्यांना ते पेन्शनर म्हणत. "हितं समदे पेन्शनर, गड्या. नोकर फकस्त तू आन मी."

त्यांचं सगळंच बरोबर असे असं नाही. एका घोडीला त्यांनी थंडीत गुळाचा चहा पाजला. घोडी दोन दिवस पोट धरून लोळत होती. तरी ते म्हणत राहिले की चहानं नाही, गुळाच्या भेसळीनं. अमावास्येला जनावर हलवू देत नसत. आणि एखाद्याविषयी मत झालं की झालं; ते बदलत नसे, मग तो देवमाणूस निघाला तरी.

बुजलेल्या जनावराकडे ते पाठ करून बसत. हाच त्यांचा इलाज. जवळ जायचं, पाठ फिरवायची, बसायचं आणि तंबाखू मळत राहायचं. "त्येला तुमाला बघू द्या. तुमी त्येला बघू नगा." पुढं ही सवय माणसांपर्यंत गेली. ज्याच्यावर विश्वास त्याच्याकडे पाठ, ज्याच्यावर नाही त्याच्यासमोर डोळे रोखून. हे नवीन माणसाला माहीत नसे. एका विश्वस्तांना आबांनी चांगलं मानून त्यांच्याकडे पाठ केली, तर ते रागावून निघून गेले. आबांना कळेना. "मी त्येंला मान दिला आन त्ये रुसलं," म्हणाले.

ते मांजर आलं ते हरिपुराकडून. तिथं जमिनीत खोल खड्डे असतात, पेवं म्हणतात त्यांना. हळद त्यात भरून वरून तोंड बंद करतात. एका रिकाम्या पेवात मांजर पडलं होतं आणि कुणीतरी वर फरशी सरकवून ठेवली होती. पुढं भरणीसाठी पेव उघडलं, हवा जायला ठेवलं, तेव्हा तळातून आवाज आला. हमालांनी पाटी सोडून ते वर काढलं आणि काय करायचं ते न कळून आमच्याकडे आणलं. पांढरी भाटी, म्हणजे मादी, होती. हाडं मोजून घ्यावीत अशी.

मांजर ठेवायची आमच्याकडे रीतच नव्हती. आबांनी पेंडीची छोटी खोली रिकामी करून दिली. ठेंगणं दार, बाहेरून कडी. मांजर कडब्याच्या पेंढ्यांमागे गेलं ते तिथंच. दूध ठेवलं तर माणूस गेल्यावर पिई. गड्यानं हात घातला, तर त्याचं मनगट फाडलं. चारपाच दिवसांत आबांनी एक गोष्ट हेरली. बसलेल्या माणसाला ते नुसतं बघे. माणूस उभा राहिला, त्याची सावली वरून पडली, की ते जमिनीला चिकटे आणि तसंच मुते. "वरनं झाकन पडलं हुतं त्येच्यावर," आबा म्हणाले. "आता जे काय वर येतंय ते त्येला झाकनच वाटतंय."

मग हुकूम निघाला: त्या खोलीत कुणी उभ्यानं जायचं नाही. दारातच खाली बसायचं आणि बसत सरकत आत जायचं. गडी हसले, मग सवय झाली. एक दिवस आमचे मुख्य विश्वस्त आले. हळदीचे मोठे व्यापारी, सगळे त्यांना शेठ म्हणत. डोक्याला मोठा रुमाल, अंगानं भारदस्त. कुठं आहे ते मांजर म्हणून दाराशी आले.

"शेठ, बसून या," आबा आतून म्हणाले.

"काय?"

"आवं, खाली बसा आन सरकत या. हितं दुसरा कायदा न्हाई."

शेठजींनी खालची पेंडीची धूळ पाहिली, आपलं धोतर पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. आत आले नाहीत. जाताना मला म्हणाले, "वासरांचं दूध मांजराला घालता, आणि वर विश्वस्तांना रांगायला लावता. हे फार दिवस चालायचं नाही. घर बघून काढून टाका ते."

तेव्हापासून आबा घर शोधायला लागले. मुलीला स्थळ बघावं तसं. मला कित्येकदा बरोबर नेलं. घरी जायचे, पाणी मागायचे, प्यायचे आणि हातातला तांब्या मुद्दाम खाली पाडायचे. ही त्यांची परीक्षा. तांब्या फरशीवर वाजला की घरातलं माणूस काय करतं ते बघायचं. एक मास्तर ओरडले, "अहो, फुटला असता ना!" आबा बाहेर आल्यावर म्हणाले, "पितळेचा तांब्या फुटतोय म्हन. शिकवतंय काय हा पोरांना?" मास्तर बाद. एका वकिलांच्या घरी बाई फार प्रेमळ. म्हणाल्या, "आणा की, मी मांडीवरच घेऊन बसेन दिवसभर." आबा उठलेच. "तिला मांडीवर घ्यायची घाई हाय." कुंडलचा एक बागाईतदार स्वतःहून आला, घरात उंदीर झालेत म्हणाला. त्याला आबांनी समोर बसवून, डोळे रोखून नाही म्हटलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "त्येला मांजर नगं हाय गड्या, त्येला उंदीर नगंत. त्यो येगळा मानूस."

नाव ठेवू का म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, "नाव ज्याच्या घरी जाईल त्यो ठिवंल. आपुन सांबाळायचं."

आबा फिरतीवर असले की मांजराजवळ बसायचं काम माझ्याकडे. पाठ करून. पहिल्या पहिल्यांदा वैताग येई. कचेरीचं काम पडलेलं, आणि मी कडब्यात पाठ करून बसलेला. पण एक दिवस सदऱ्यातून पाठीला काहीतरी ओलं, गार लागलं. मी श्वास धरला. त्यानं नाक लावलं होतं. मग पाठीशी हलकं ऊबदार ओझं आलं. ते माझ्या पाठीला टेकून बसलं होतं. संध्याकाळी आबांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि तंबाखू मळायला लागले.

शेवटी घर मिळालं ते मिरजेत. सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या आळीत एक म्हातारे कारागीर आणि त्यांची विधवा बहीण राहत. बहिणीला सगळी आळी खाला, म्हणजे मावशी, म्हणे. आबांबरोबर मी गेलो होतो. पुढच्या खोलीत भाऊ भोपळ्याला तासणी लावत बसलेले, मागच्या खोलीत आढ्यापर्यंत वाळायला ठेवलेले भोपळे. लहान, मोठे, धुळीत झोपल्यासारखे. खालाबाईंनी पाणी दिलं. आबांनी तांब्या पाडला. पाणी पार भोपळ्यांपर्यंत गेलं.

खालाबाईंनी मान वर केली नाही. हातातल्या तारेची गुंडाळी सोडवत होत्या, ती सोडवत राहिल्या. "राहू दे," म्हणाल्या. "वाळतंय की."

आबा त्या ओल्या फरशीवरच बसले. "बाई, ह्यो भोपळा वाळाय किती दीस लागत्यात?"

"दिवस?" म्हातारे कारागीर हसले. "आबा, वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा. घाई केली की चिरतो. मग गाणाऱ्याच्या मांडीवर ओरडतो."

"आन तुमी दिसभर उभं कवा ऱ्हाता?"

"उभं राहून काय होतंय आमचं? नमाजाला काय ते उभे. बाकी समदं काम बसूनच."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला समजलं. परत येताना गाडीत सारखं तेच. "तितं कुनी वरनं येतच न्हाई, बघितलंस का? भोपळ्याला दोन वर्सं देनारी मानसं. मांजराला चार म्हैनं द्याला त्येंला काय!" तरी लगेच मांजर नेलं नाही. खालाबाईंना शिकवायला ते एकटे आणखी एकदा जाणार होते: मागची खोली बंद ठेवायची, दूध कुठं ठेवायचं, पाठ कशी करायची. त्या दुसऱ्या खेपेला ते गेले असताना मी ते केलं.

शेठजींनी आदल्या दिवशी मला पेढीवर बोलावलं होतं. वखारीत उंदरांनी हळदीची पोती फोडली होती. "ते मांजर तिकडे पाठवून दे. उद्या मुकादम येईल," ते म्हणाले.

"आबांना विचारतो," मी म्हटलं.

"आबा मालक आहेत का? बघ बाबा, तू हंगामी. कायमचं करायचं माझ्या मनात आहे."

बस. एवढंच. धमकी नव्हती, काही नव्हतं. मला वाटलं, घर ते घर. वखारीत उंदीर आहेत, खाईल. मिरजेला गेलं काय आणि इथं राहिलं काय. आबांचा जरा अतिरेकच होता. असं मला खरंच वाटलं.

दुपारी मुकादम आला. उभ्यानं आत शिरला आणि मांजर पेंढ्यांमागं गेलं. त्यानं काठी घातली, शिव्या दिल्या, अंगठा फाडून घेतला. मग म्हणाला, "कारकून, हे काय हाताला येत न्हाई. तुमालाच वळकीचं हाय म्हनत्यात."

मी त्याला दाराआड बसायला सांगितलं. मी आत गेलो, बसून, सरकत. पाठ केली. बराच वेळ गेला. मांजर आलं. आधी नाक, मग ऊब. टेकून बसलं. मी खूण केली आणि मुकादमानं माझ्या खांद्यावरून पोतं टाकलं.

ते ओरडलं नाही. पोत्यात गप्प झालं, पेवावर फरशी सरकली तेव्हाही असंच झालं असेल. मुकादम तोंड बांधून, खांद्यावर टाकून गेला. मी दार उघडं ठेवून कचेरीत येऊन बसलो. काय सांगायचं ते ठरवलेलं नव्हतं. खरंच सांगणार होतो. शेठजींच्या अंगावर ढकलून, पण सांगणार होतो.

आबा आले ते आनंदात. खालाबाईंनी कोपऱ्यात गोधडी घातली होती, खिडकी खालून झाकली होती, ते सगळं ते मला दारातूनच सांगत आले. मग पेंडीच्या खोलीकडे वळले. थोड्या वेळानं परत आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"दार उगडं हाय," म्हणाले. "सकाळी जाताना कडी... माज्याकडनंच ऱ्हायली का काय रं?"

मी नुसतं नाही म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"असेल, आबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "इसर पडाय लागला बग मला."

पुढे ते रोज संध्याकाळी दूध घेऊन पांजरपोळाच्या मागच्या गल्लीत बसत. भिंतीशी, गल्लीकडे पाठ करून. येणारेजाणारे हसत. "आबा, रुसलात काय कुणावर?" आबा तंबाखू मळत राहत. मिरजेला जाऊन त्यांनी स्वतः खालाबाईंना सांगितलं की आपल्या हयगयीनं गेलं. त्या म्हणाल्या म्हणे, "येईल. खोली तशीच ठेवते."

मी एकदा वखारीत गेलो. शेठजींचं काहीतरी काम काढून. पोत्यांच्या थप्पीवर, अगदी वर, छताला लागून ते बसलं होतं. हळदीच्या धुळीनं पिवळं झालेलं, मी आधी ओळखलंच नाही. वर चढून बसलं होतं, कारण तिथं त्याच्या वरून काही येऊ शकत नव्हतं. मी खाली बसलो. पाठ केली. ते आलं नाही. हमाल पोती उचलत होते, एकानं हटकलं, मी उठलो. मला शिडी मागता आली असती, टोपली आणता आली असती, सरळ आबांना जाऊन सांगता आलं असतं की मांजर तिथं आहे, चला. पण ते तिथं कसं गेलं, हे मग सांगावं लागलं असतं. दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा थप्पी हलली होती. मुकादम म्हणाला, कुठं गेलं कुणास ठाऊक, उंदीर काय धरत नव्हतंच ते.

आबांचं मात्र त्या दिवसापासून काहीतरी सुटलं. गोठ्याच्या कड्या ते पुन्हा पुन्हा बघायला लागले. घरी निघायचे, वेशीपासून परत यायचे. कडी लावलेली असायची. एकदाही ती राहिलेली नव्हती. पण लावलेली सापडली तरी त्यांना बरं वाटत नसे. आपण लावल्याचं आठवत नाही म्हणून आणखीच घाबरत. गडी चिडवायचे, "आबा, बैल पळाला बगा!" आणि हा माणूस खरंच धावत जायचा. ज्यानं आयुष्यात घाई केली नाही तो. मी समोर बसून हे पाहत होतो. शेवटी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा शेठजींपुढे ठेवला. "माझं डोस्कं आता भरवशाचं न्हाई," म्हणाले. "जीवजंतूंचं काम हाय. एकदा चुकलो तेवढं बास." आणि मेढ्याला निघून गेले. निघताना मला म्हणाले, "तू बोल लावला न्हाईस गड्या. दुसऱ्यानं लावला असता."

मी कायम झालो. पुढं ती नोकरी सोडून साताऱ्याला आलो, ती गोष्ट वेगळी. साताऱ्याहून मेढा म्हणजे मोटारीनं केवढंसं अंतर. इतक्या वर्षांत मी गेलो नाही.

मागल्या वर्षी साताऱ्याच्या मंडईत एका बाईनं मला हटकलं. आबांची लेक. लहानपणी तिला पांजरपोळात पाहिलं होतं, मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. आबा जाऊन बरीच वर्षं झाल्याचं तिनं सांगितलं. "शेवटी लय तरास हुता बगा," म्हणाली. "कसली किल्ली हातात घ्याचं न्हाईत. घरातलं शेरडू बाहीर बांधलं तरी मला हाक माराचं, आगं, तू बांध, माज्यानं ऱ्हाईल. डाक्टर म्हनला काय न्हाई झालंय त्येंला, चांगला सावध मानूस हाय. पर त्येंला पटंना. म्हनायचं, डाक्टरला काय ठावं, एक मुकं जनावर माज्या इसराळूपनानं मेलं." मग हसून म्हणाली, "तुमचं नाव लय चांगलं घ्याचं हां."

मी तिच्या पिशवीकडे बघत उभा राहिलो. मेथीच्या दोन पेंड्या होत्या. घरी येऊन जा म्हणाली, हो म्हणालो.

आबांना सांगायची वेळ गेली. पण लेक मेढ्याला आहे, आणि खालाबाई मिरजेत असल्या तर त्यांनीही इतकी वर्षं आबांनाच दोषी धरलं असेल. या दोघींकडे जाऊन, समोर बसून, मला सांगायचं आहे: आबा काही विसरले नव्हते. त्या दिवशीही नाही. कडी त्यांनी लावली होती आणि ती मी काढली. एवढं माझ्याकडून देणं आहे, आणि हे लिहून ते फिटलेलं नाही.